ताईंचा रांजण आणि माझी बाटली

माझ्या नणंदेच्या कुणी पाया पडलेलं तिला चालत नाही. कुणी वाकलंच, तर ती त्याच्याहून खाली वाकते. एकदा पोस्टातला एक जाडजूड कारकून तिच्यापुढे वाकला. ती वाकली. तो आणखी वाकला. ती गुडघ्यांवर आली. शेवटी कारकुनाच्या कमरेत उसण भरली आणि त्याला दोघांनी उचलून बाकावर ठेवलं.

"आता कसं," ताई म्हणाली. "देव वर राहिला आणि आपण दोघं खाली. उठा जमेल तसं."

सगळे हसले, आणि हसता हसता दोन-चार जणांनी डोळे पुसले. मी त्याच बाकाच्या कडेला बसले होते. माझ्या मनात आलं, कंबर त्याची गेली आणि कौतुक हिचं झालं. हे असं तिला नेहमीच जमतं.

तोंडावर मी तिला अहोजाहो करते. इथे करणार नाही.

ताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, आणि त्यापायी लग्न केलं नाही. म्हणजे मला नवरा मिळाला तो आधीच अर्धा तिचा होता. तो रुग्णवाहिका चालवतो. गाडीत कुणाचा जीव घुटमळत असला तर "देवा" म्हणण्याऐवजी "अक्का, अक्का" म्हणतो. मी त्याच्याशेजारी बसून ऐकलंय.

ती स्वतः सरकारी हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात होती. रक्ताच्या चादरी, पुवाच्या पट्ट्या, बाळंतपणाच्या खोलीतले कपडे, सगळं मोठ्या पिंपांत उकळायचं आणि लांब दांड्यानं ढवळायचं. पिंपांवर आमच्या जातीची माणसं आणि इस्त्रीच्या टेबलावर इतर, अशी विभागणी होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण मोडतही नव्हती. कापड घाण असेतो आमचं, पांढरं झालं की त्यांचं. वाफेनं आणि ब्लीचिंग पावडरीनं तिची छाती तेव्हापासूनच खराब आहे.

हॉस्पिटलसमोर एक प्रार्थनाघर होतं. तिथे आत, दाराशी, एक मोठा रांजण असायचा. आमच्या लोकांसाठी बाहेर पागोळीखाली वेगळा माठ, आणि त्याला साखळीनं बांधलेला पत्र्याचा मग. प्रार्थना आम्ही खिडकीतून ऐकायची. ताई तेव्हा विशीपंचविशीची असेल. कामाची पाळी संपली की ती त्या खिडकीशी उभी राहायची. एका सकाळी प्रार्थना चालू असतानाच तिनं बाहेरचा माठ कमरेवर घेतला, सरळ दारातून आत गेली आणि तो आतल्या रांजणात ओतला.

"आता काढा वेगळं," ती म्हणाली.

काढणार काय, कपाळ? पाण्यात पाणी मिसळलं की शहाण्यातल्या शहाण्यालाही ते निवडता येत नाही. त्यांनी रांजण फोडला, तिला बाहेर काढलं, आणि आमच्या लोकांना खिडकीसुद्धा बंद झाली. तिच्या डाव्या भुवईवर जो व्रण आहे तो त्या दिवशी लागलेल्या खापरीचा. त्यावरून वस्तीतले लोकही तिच्यावर खवळले. "चांगलं खिडकीतून ऐकायला मिळत होतं, हिनं तेही घालवलं," म्हणाले. तिला त्याचं काही नाही. ती रस्त्याच्या या बाजूला नवा रांजण मांडून त्याच वेळेला बसायला लागली. येणाऱ्यानं आपल्या घरचं, आपण पितो तेच पाणी आणायचं, रांजणात ओतायचं, एक मग स्वतः प्यायचा आणि पुढचा भरून शेजारच्याला आपल्या हातानं द्यायचा. एवढीच तिची दीक्षा. मंत्र नाही, माळ नाही. आधी वस्तीतले आले, मग इस्त्रीच्या टेबलावरची एक बाई आली, मग प्रार्थनाघराच्या आतले काही लाजत लाजत रस्ता ओलांडून आले. बऱ्याच वर्षांनी प्रार्थनाघरानं तो बाहेरचा माठ काढून टाकला आणि तिला मानानं आत बोलावलं. "मला बाहेरची सवय झाली," ती म्हणाली, "तुम्ही या." आणि ते आले! हॉस्पिटलनं कोळशाचं जुनं गोदाम दर रविवारी तिला वापरायला दिलं. आता तिथे उभं राहायला जागा नसते.

ती देवाबद्दल फार बोलत नाही. "तहान लागते तोही तोच, पाजतो तोही तोच. मधे जात कुठून घुसली तेवढं शोधून काढा," असं काहीतरी म्हणते आणि खोकते. लोक खोकलासुद्धा मन लावून ऐकतात.

मी त्याच जातीची, त्याच वस्तीतली. वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी मी. विमा कचेरीत खिडकीवर बसते, चार माणसांत नीट बोलते. मला वाटायचं, आमच्या घराण्यात काही मोठं झालं असेल तर ते मी परीक्षेला बसून केलंय. पण ताईपुढे ते कुणाच्या गावीही नसतं. तिची शाळा चौथीत सुटली. ती मला हाक मारते "कालेजवाली".

"काय गं कालेजवाली, आज फार जड पावलानं आलीस? पुस्तकं गिळलीस का?"

सगळे हसतात. मीही हसते. पोटात दुखतं ते कुणाला दिसत नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नवरा अर्धा तर अर्धा. पण माझी एकुलती मुलगीही तिच्याकडे निघाली होती, आणि ते मला सोसणारं नव्हतं.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. तिला मी तळहाताच्या फोडासारखं जपलंय. शिंकली तरी मी कपाळाला हात लावते. रात्र रात्र बसून तिचा अभ्यास मी घेतला. पण पहिल्यांदा पाळी आली ते तिनं आत्याला सांगितलं. कॉलेजात कुणीतरी जातीवरून बोललं तेही आत्याला. मला कळलं ते नवऱ्याकडून, आणि त्याला कळलं अक्काकडून. माझ्या पोटची पोर, आणि तिची बातमी मला गावाला वळसा घालून मिळायची.

एम. ए. झाल्यावर तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात पुढच्या सत्रापासून शिकवायची नोकरी लागली. त्याच सुमारास ताईचा आवाज बसू लागला. दहा वाक्यं बोलली की घसा धरायची. मग रविवारी ती खूण करायची आणि भिंगरी उठून बोलायची. बरं बोलायची, हे मी नाकारत नाही. गोदामात कुजबुज सुरू झाली, की ताईंच्या मागे हीच. म्हातारेकोतारे तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. आणि भिंगरी मला म्हणाली, "आई, नोकरी काय, पुढेही मिळेल. आत्याला माझी आत्ता गरज आहे."

"आणि मला?"

"तुला काय झालंय? तू धडधाकट आहेस."

मी समजावलं, रागावले, रडले, जेवण सोडून पाहिलं. ती एक वेळ माझ्याबरोबर उपाशी राहिली आणि दुसऱ्या वेळी आत्याकडे जेवून आली.

त्यात तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. ताप उतरेपर्यंत मी कचेरीत गेले नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी दूषित असणार, यापुढे उकळलेलंच द्या. आमच्या घरचं पाणी मी गाळून, तुरटी फिरवून ठेवते. मग दूषित कुठलं? पन्नास घरांचं, पन्नास नळांचं, झाकलेलं-न-झाकलेलं पाणी एका रांजणात. मला दुसरा पुरावा नको होता.

बरी झाल्यावर ती रविवारी जायला निघाली, तेव्हा मीही पदर खोचला. बरोबर स्टीलची बाटली घेतली, उकळून गार केलेलं पाणी, घट्ट बूच.

"आई, तिथे असं चालत नाही."

"तिथे कावीळ चालते का?"

गोदामात मी तिच्या डावीकडे बसले. तिच्या उजवीकडे कंडक्टरकाका होते. बसवर तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला. डेपोच्या कँटीनमध्ये नोकरी संपेपर्यंत त्यांचा कप वेगळा, खिडकीच्या गजाला उलटा टांगलेला. रांजणातला मग हातोहात फिरत आला. काका प्याले, पुढचा भरला आणि दोन्ही हातांनी भिंगरीपुढे धरला. तिचा हात पुढे झाला. मी तो खाली दाबला, बूच काढलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

मी फक्त तिचं पोट बघत होते. पण काकांचा भरलेला मग तसाच हवेत राहिला.

"पोरी," काका म्हणाले, "माझ्या हातचं चालत नाही का तुला?"

"काका, तसं नाही हो..."

"मग कसं? तिकडं कप वेगळा, इकडं बाटली वेगळी. निदान तिकडं माहीत तरी होतं की ते परके आहेत." हातातला मग खाली ठेवून ते उठले. त्यांच्या मागे आणखी चार-पाच उठले. कुणीतरी मागून म्हणालं, "शिकली ना! शिकली की पहिलं भांडं वेगळं करतात!"

ते मला होतं. आमच्याच माणसांनी मला असं बोलावं! ज्या वेगळ्या माठाचं पाणी जन्मभर पीत माझा बाप मेला, त्याची गोष्ट हे लोक मला सांगणार? मी काही उलट बोलणार, तेवढ्यात ताई उठून आली. मला वाटलं, आता ही मला सगळ्यांसमोर सोलून काढणार. खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. भिंगरीनं एकदा तिला माझ्यावर ओरडताना बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं बाटली घेतली, तोंड लावलं आणि दोन घोट प्याली.

"उकळलंयस?"

"हो."

"का?"

"हिला कावीळ झाली म्हणून. तुम्हाला माहीत आहे."

"मग एकट्या हिलाच का? बाकीचे काय उकिरड्यावर सापडले?" ती गर्रकन लोकांकडे वळली. आवाज फाटत होता. "बसा रे, बसा. कंडक्टर, बसा खाली, बस सुटली नाही अजून. आपण वेगळं पाणी देणाऱ्यांशी भांडलो. मिसळलेलं पाणी चांगलं आहे का, ते बघितलंच नाही. मी जन्मभर चादरी उकळल्या, तुमचं पाणी उकळायचं सुचलं नाही मला. पुढच्या रविवारपासून सगळं पाणी आधी पिंपात, पिंप चुलीवर, मग रांजणात. आणि उकळायचं काम कालेजवालीकडे. तिच्याइतकं भित्रं माणूस इथे दुसरं नाही."

काका बसले. हशा झाला. दाराशी उभी असलेली एक म्हातारी मला म्हणाली, "बघा, ताईंना किती पुढचं सुचतं!"

ताईंना सुचतं! गॅस माझा, बाटली माझी, अक्कल माझी, बोलणी मी खाल्ली. आज शहरात कुणालाही विचारा, "ताईंनी उकळलेलं पाणी सुरू केलं" हेच सांगतील. पिंपाजवळ घाम पुसत उभी असलेली बाई त्यांना धुरात दिसत नसावी.

त्याच आठवड्यात मी तिच्या खोलीवर गेले. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधली मागची खोली, एक खाट, एक स्टो, दोरीवर दोन लुगडी. ती औषधाची वाफ घेत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माझी मुलगी मला परत द्या."

तिनं टॉवेल बाजूला केला. "मी कुठं घेतली?"

"ती नोकरी सोडतेय. तुमच्या जागेवर बसायला."

"माझ्या जागेवर?" ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली. सवयीनं चोळली. "अगं, ही मोडकी खाट ती माझी जागा. ती कुणाला हवीय?"

"लोक म्हणतात. भिंगरी म्हणते. तुम्ही नाही म्हणत नाही."

तिनं टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला.

रविवारी पिंप उतरवून मी पाणी रांजणात ओतत होते, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "भिंगरी नोकरीवर जाणार. माझ्यामागे इथे कुणी बसायचं नाही. गादी झाली की तिला दार लागतं, दार झालं की कुणीतरी बाहेर राहतं. बोलायचं त्यानं उभं राहून बोलावं आणि आपल्या जागी जाऊन बसावं."

आणि भिंगरी म्हणाली, "बरं, आत्या."

बरं, आत्या! मी महिनोन् महिने डोकं आपटलं, तेव्हा भिंतीचा पोपडाही पडला नाही. आणि हिच्या एका वाक्याला "बरं". सुंठीवाचून खोकला गेला, मला हवं होतं ते झालं, नवरा म्हणाला, "आता तरी खूश?" मी खूश नव्हते. माझीच मुलगी तिनं मला दिली, जणू द्यायला ती तिची होती.

भिंगरी गेली. एका शिक्षिकाबाईंच्या घरी माडीवर खोली मिळाली होती. मी स्वेटर, सतरंजी, औषधांचा डबा, सगळं बांधून दिलं. महिना झाला असेल-नसेल, एका दुपारी कचेरीत तिचा फोन आला.

"आई, घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितलंय."

"का गं? भाडं वाढवून हवंय का?"

"नाही. आडनावावरून तिला कळत नव्हतं. काल सरळ विचारलं. मी सांगितलं. आज म्हणते, भाचा राहायला येणार आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, आत्याला सांगू नकोस. फक्त तुला सांगतेय."

माझं काळीज फाटलं, हे खरं. आणि त्या फाटक्या काळजात कुठेतरी दिवाही लागला, हेही खरं. फक्त तुला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे ताईकडे नव्हतं. रजेचा अर्ज टाकून मी घरी आले, नवऱ्याला सांगितलं, पिशवी भरली. तो गाडीवर गेला. मी दुसऱ्या सकाळी पहिल्या बसला स्टँडवर पोचले, तर बाकावर ताई. मांडीवर पिशवी, गळ्याला मफलर.

"चल, लवकर आलीस," ती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्यानं. त्याच्या पोटात काय राहतंय?"

मी तिच्यासमोर उभी राहिले. "भिंगरीनं तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं."

ती वर बघत राहिली. "मला नको म्हणाली?"

"हो."

"तुला सांगितलं?"

"फक्त मला."

तिनं मफलर उगाच सोडला आणि पुन्हा गुंडाळला. दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "असेल. आई आहेस." तो आवाज मला ओळखीचा होता. मी तो आरशासमोर रोज गिळते. मला वाटलं होतं, हे बघून मला गार वाटेल. थोडं वाटलंही.

"मग तिथे तूच बोल," ती म्हणाली. "मी फाटकाशी थांबते."

"मी काय बोलू?"

"मला काय विचारतेस? फोन तुला आला होता ना?"

बस आली. ती आधी चढली आणि खिडकी धरून बसली. मी म्हटलं, "उठा, ती जागा माझी." ती निमूट उठली.

शिक्षिकाबाईंच्या दारात चार चपला नीट ओळीत होत्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही. भाचा येणार आहे, पावसाआधी रंग काढायचाय, खोलीला ओल आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. मी कचेरीतल्या आवाजात म्हटलं, "बाई, भाच्याला आमचा आशीर्वाद सांगा. पण माझ्या मुलीला परवा जात विचारलीत, ती मला विचारायची होती. मी तिची आई आहे, मला जास्त माहिती आहे." आणि आमच्या जातीचं नाव मी तिथे दारात उभी राहून मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईला ऐकू जाईल असं. मग माझा बाप काय काम करायचा ते सांगितलं, आजोबा काय उचलायचे ते सांगितलं, आणि म्हटलं, "हे सगळं तुमच्या भाच्यालाही सांगा. तुमची भिंत ओली झाली ती आमच्यामुळे नाही." त्या बाईंनी दार लावून घेतलं. मन वगैरे काही वळलं नाही. भिंगरीला दोन गल्ल्या सोडून एका शिंपिणीनं खोली दिली, ती अजून तिथेच राहते.

पण त्या क्षणी भिंगरी जिन्यात उभी होती आणि तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका उजळला होता. ती धावत खाली आली, माझे दोन्ही दंड धरले आणि फाटकाकडे बघून ओरडली, "आत्या! काय शिकवून आणलंस गं हिला बसमध्ये!"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोलून उपयोग नव्हता.

ताई फाटकाला टेकून खोकत होती. खोकला थांबेपर्यंत तिनं हातानंच नाही, नाही केलं. मग म्हणाली, "मी कसली शिकवतेय? झोपले होते मी. तेही उभ्या दांडीला डोकं टेकून. खिडकीसुद्धा दिली नाही हिनं मला."